ख्रिस्तपुराणांतील सृष्टिकथा व श्रोत्यांचा नित्यक्रम

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचें नांव निघालें म्हणजे आमच्या मंडळींत बहुधा दोनच विषयांची चर्चा होते. एक, त्यांत आलेली मराठी भाषेची स्तुति; दुसरा, ग्रंथाची मूळ लिपि रोमन कीं देवनागरी हा वाद. पहिला विषय शालेय वेंच्यांनीं हाताळून हाताळून गुळगुळीत केला आहे, आणि दुसऱ्यावर इ. स. १९२३ पासून पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. दोन्ही विषयांचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ग्रंथकारानें ग्रंथ रचिला तो या दोहोंसाठीं नव्हे. गोमंतकांतील साष्टी प्रांतांत नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या लोकांनीं सहा दिवस काम कसें करावें, सातव्या दिवशीं हात कां आवरावा, बायकोला काय मानावें, शेजाऱ्याला कोणत्या नात्यानें पाहावें, हें त्यांस कथेच्या द्वारें कळावें हा त्याचा हेतु. हा हेतु कितपत साधला, हा प्रश्न आम्हांस भाषा व लिपि या दोहोंइतकाच महत्त्वाचा वाटतो. आणि त्याची परीक्षा ग्रंथारंभींच्या सृष्टिकथेवर जितकी चांगली होते तितकी अन्यत्र होत नाहीं.

प्रथम ग्रंथाचा इतिहास थोडक्यांत सांगूं. स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचा. रोम येथें येशूसंघांत दाखल होऊन तो इ. स. १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरला आणि इ. स. १६१९ मध्यें वारला. मधल्या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यानें साष्टींत घालविला. पुराण इ. स. १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापिलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध असल्याचें प्रसिद्ध नाहीं. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांच्या आधारानें. त्यांतील कांहीं प्रतींवरून जे. एल. साल्ढाणा यांनीं इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींत आवृत्ति काढिली. लंडन येथील मार्सडेन-संग्रहांतील देवनागरी प्रतीकडे जस्टिन ॲबट यांनीं १९२३ मध्यें विद्वानांचें लक्ष वेधिलें, आणि १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली. एकंदर सुमारें अकरा हजार ओव्या; पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वर. सृष्टीची कथा पहिल्या पुराणाच्या आरंभीं येते.

आतां प्रश्न असा कीं, हा ग्रंथ पुराण कोणत्या अर्थानें? आमच्या शास्त्रकारांनीं पुराणाचीं पांच लक्षणें सांगितलीं आहेत: सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर व वंशानुचरित. या मापानें पाहूं जातां सर्ग तर आहेच. जलप्रलय व त्यानंतर पुन्हा वसलेली पृथ्वी हा प्रतिसर्गाच्या जागीं येतो. आदामापासूनच्या वंशावळी आहेत, राजांचीं चरितें आहेत. नाहीं तें मन्वंतर. ही उणीव अनवधानाची नव्हे. तो दोन दर्शनांमधील भेद आहे. आमच्या पुराणांत सृष्टि होते, मोडते व पुन्हा होते. कल्पामागून कल्प जातात. ख्रिस्ती कथेंत काळ एकदांच सुरू होतो व एकदांच संपतो. ज्याला काळाचें चक्र ठाऊक आहे त्याला आजचा दिवस चुकला तर उद्यां येईल असें वाटूं शकतें. ज्याला एकच सरळ वाट सांगितली आहे त्याला आजच्या दिवसाचा हिशेब द्यावा लागतो. सृष्टिकथेचा आचाराशीं संबंध येथूनच जडतो. ती केवळ जगाच्या उगमाची हकीकत राहत नाहीं. दिवसांची किंमत ठरविणारी कथा होते.

स्टीफन्सची कुशलता अशी कीं, त्यानें हें प्रवचनाच्या सुरांत न सांगतां श्रोत्याच्या प्रश्नांतून सांगण्याची योजना केली. साष्टींत मुलांचा धर्मपाठ चालू असतां एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्री गुरूला विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत, मग त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें कांहीं कां देत नाहीं? या पृच्छेंतून ग्रंथ निघतो, आणि पुढेंही श्रोत्यांच्या शंका मधून मधून येतात. सूत-शौनकांची ही जुनी रीत. पण तिच्या मागें जी परिस्थिति होती ती विसरून चालणार नाहीं. साष्टींतील देवालयें इ. स. १५६७ मध्यें पाडलीं गेलीं होतीं. इ. स. १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें पांच पाद्री मारले गेले. लोकांच्या घरांतून पोथी गेली होती आणि संध्याकाळ रिकामी पडली होती. ती रिकामी संध्याकाळ या ग्रंथाला भरून काढावयाची होती. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजांत जिज्ञासेइतकीच तक्रारही आहे, असें आम्हांस प्रत्येक वाचनीं वाटत आलें आहे.

प्रश्नाचें महत्त्व आम्हांस एका लहान प्रसंगानें कळलें. कोंकणांतील एका शाळेंत आम्ही संस्कृत शिकवीत असतां वर्गांतल्या एका ख्रिस्ती मुलानें विचारिलें, "गुरुजी, देवानें सहा दिवस काम करून सातव्या दिवशीं विसांवा घेतला. सातवा दिवस शनिवार. मग आम्ही रविवार कां पाळतों?" आम्ही त्या वेळीं पाणिनीच्या सूत्रांत गढलेले, उत्तर देतां आलें नाहीं. पुढें वाचनानें कळलें कीं मुलाचा हिशेब अगदीं बरोबर होता. यहुदी लोक शब्बाथ पाळतात तो शनिवारच. ख्रिस्त्यांनीं पुनरुत्थानाचा म्हणून आठवड्याचा पहिला दिवस घेतला, आणि त्याला आठवा, म्हणजे नव्या सृष्टीचा दिवस, असें मानिलें. पोर्तुगीज भाषेंत तर ही गणना उघडच दिसते: तींत सोमवारचें नांव 'दुसरा', मंगळवारचें 'तिसरा', याप्रमाणें शुक्रवारपर्यंत अंक मोजलेले आहेत. ग्रहांचीं नांवें तेथें टाकून दिलीं आहेत. उलट गोव्यांतील ख्रिस्ती मनुष्य कोंकणींत आजही आयतार, सोमार, मंगळार असेंच म्हणतो. चार शतकांच्या धर्मपाठानंतरही आठवड्यावर सूर्य, चंद्र व मंगळ यांची सत्ता कायम आहे. मात्र आयतारीं चर्चला जाण्याचें कारण सृष्टिकथेनें पुरविलें. नांव जुनें, अर्थ नवा. पुराणाच्या यशापयशाचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

विश्रांतीच्या या आज्ञेचें आणखी एक अंग टीकाकारानें ध्यानांत घ्यावें. बायबलांत दशाज्ञा दोन ठिकाणीं आल्या आहेत. निर्गमाच्या पुस्तकांत विसांव्याचें कारण सृष्टिकथा दिली आहे. अनुवादाच्या पुस्तकांत कारण निराळें आहे, तुम्ही मिसर देशांत दास होतां हें स्मरा. पण दोन्हीकडे विसांव्याचे अधिकारी तेच: मुलगा, मुलगी, दास, दासी, परका आणि गुरें. म्हणजे धन्यानें नुसतें स्वतः बसावयाचें नाहीं. दुसऱ्यालाही बसूं द्यावयाचें. कर्नाटकांत व त्यालगतच्या महाराष्ट्रांत कित्येक शेतकरी सोमवारीं बैल औताला जुंपीत नाहींत. त्यांना ही आज्ञा समजावून सांगण्याचें कारण पडणार नाहीं. अडचण येते ती लावणीच्या दिवसांत. पावसानें चार दिवस उघडीप दिली कीं त्यांतला रविवार कोण सोडील? ही अडचण नवी नव्हे. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन यानें इ. स. ३२१ मध्यें रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला, तेव्हां शेतीच्या कामाला त्यानें मोकळीक ठेविली होती. कथा आचारांत उतरतांना आभाळाकडे पाहावें लागतें, हें कायदे करणाऱ्यालाही कळलें होतें.

आतां श्रमाविषयीं. मनुष्य घाम गाळून भाकर खाईल हा शाप सर्वांच्या लक्षांत राहतो. त्यामुळें श्रम म्हणजे पापाची शिक्षा असा समज होतो. परंतु उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत, पाप घडण्यापूर्वींच, मनुष्याला बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं. श्रम आधींचा, शाप नंतरचा. हिब्रू भाषेंत मनुष्यवाचक 'आदाम' व भूमिवाचक 'अदामा' हे शब्द जोडीनें येतात, आणि मशागतीच्या धातूचा अर्थ सेवा करणें असाही होतो. मात्र हे श्लेष स्टीफन्सच्या माथीं मारूं नयेत. येशूसंघाच्या पाद्र्याचें पाठ्य बायबल लॅटिन होतें आणि त्यांत आदाम-अदामेचा नाद उरत नाहीं. मशागत आणि राखण हे दोन शब्द मात्र लॅटिनांतही स्पष्ट आहेत.

हे दोन शब्द साष्टींत वाचले जात होते, याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. तेथील खाजण जमिनी म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून मिळविलेलीं भातशेतें. बांधाला 'मानस' नांवाचीं दारें असतात. भरतीचें खारें पाणी आंत शिरूं नये व पावसाचें गोडें पाणी ओहोटीला बाहेर जावें यासाठीं तीं राखावीं लागतात. एक भगदाड दुर्लक्षिलें तर शेतांत मीठ शिरतें आणि पुढलीं पिकें जातात. ही राखण शतकानुशतकें गांवकरी संस्थांकडे होती. तिसऱ्या दिवशीं देवानें जळें एकत्र करून कोरडी भूमि दाखविली, ही कथा ज्या श्रोत्यांनीं ऐकिली ते स्वतः दरवर्षीं पाण्यापासून भूमि वेगळी करणारे लोक होते. कवीनें हें साम्य योजिलें असेल वा नसेल. श्रोत्याला तें सांगावें लागलें नसावें, असा आमचा तर्क आहे. इ. स. १९६४ च्या कूळकायद्यानंतर जमिनींचे हक्क बदलले, जुनी सामुदायिक राखण ढिली पडली, आणि कित्येक बांध फुटले. मनुष्याला पृथ्वीवर सत्ता दिली या पहिल्या अध्यायांतील वचनानें निसर्गाचा नाश ओढवला, असा आरोप लिन व्हाइट या इतिहासकारानें १९६७ मध्यें केला होता. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या आपल्या पत्रांत त्याच आरोपाला उत्तर देतांना दुसऱ्या अध्यायांतील मशागत व राखण याच शब्दांचा आधार घेतला. साष्टींतील बांधावर उभें राहून हा वाद वाचला तर दोन्ही पक्षांचें म्हणणें डोळ्यांनीं दिसतें.

विवाहासंबंधानें कथा आमच्या घरांच्या अगदीं उलट चालते. पुरुष आपल्या आईबापांना सोडील व स्त्रीशीं जडून राहील, असें उत्पत्तीचें सांगणें. आमच्याकडे माप ओलांडून येते ती सून. मुलगा जागचा हालत नाहीं. ख्रिस्ती झालेल्या घरांतही बहुशः हीच चाल राहिली. म्हणून या वचनाचा अर्थ घर बदलण्याचा न करतां निष्ठा बदलण्याचा करावा लागतो: पुरुषानें आईचा पदर सोडून बायकोची बाजू घ्यावयाची. हा अर्थ साष्टींतील सासवांना रुचला असेल असें वाटत नाहीं. बरगडीपासून स्त्री केली यावरून तिला दुय्यम मानणारे टीकाकार पुष्कळ; परंतु तिला जो 'साहाय्य' असा शब्द लाविला आहे, तोच बायबलांत इतरत्र खुद्द देवाला लाविलेला आढळतो. आमच्या 'सहधर्मचारिणी' या शब्दाला हा जवळचा आहे, 'दासी'ला नव्हे.

येथवर गुण सांगितले. आतां जी गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक बोंचते तिच्याकडे वळतों. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तांत एका विराट् देहाच्या निरनिराळ्या अवयवांपासून चार वर्ण निघतात. उत्पत्तीच्या कथेंत सर्व मनुष्यें एका जोडप्यापासून, आणि तें जोडपें देवाच्या प्रतिमेप्रमाणें. आचाराच्या दृष्टीनें या दोन सर्गांत याहून मोठा भेद नाहीं. पुरुषसूक्ताच्या छायेंत वाढलेल्या समाजाला दुसरी कथा चार शतकें रविवारमागून रविवार ऐकविली गेली, फळ काय? गोव्यांतील ख्रिस्ती समाजांत बामण, चारडो व सुदिर हे भेद टिकून राहिले. कित्येक चर्चांतील कोंफ्रारींचें सभासदत्व दीर्घकाळ जातीवर ठरत असे. एका आदामाची लेंकरें एकाच वेदीसमोर वेगवेगळीं उभीं राहिलीं.

याचा दोष कवीकडे किती? सर्व नाहीं. त्याचे वरिष्ठ, राजसत्ता, आणि जमिनीचे हक्क जपणारे गांवकर हे त्याच्या हातचे नव्हते. पण थोडा दोष ग्रंथाच्या घडणींतच आहे असें आम्हांस म्हणणें भाग आहे. पहिला प्रश्न विचारतो तो ब्राह्मण. ग्रंथाची भाषा पोथीची, शिष्टांची मराठी. तिच्यांत वैकुंठासारखे शब्द स्वर्गासाठीं निःसंकोच येतात. सामान्य जनांसाठीं त्याच लेखकानें दुसऱ्या भाषेंत, म्हणजे तिथल्या बोलींत, गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांची धर्मपाठाची पुस्तिका रचिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्यें छापिली गेली. म्हणजे वाटणी अशी झाली कीं, पोथी वरच्यांस आणि पाठांतर खालच्यांस. सर्व मानवांची एक उत्पत्ति सांगणारी कथाच ज्या वाङ्मयप्रकारांत सांगितली गेली, तो प्रकार श्रोत्यांची प्रतवारी करूनच वाचला जाई. पोथी कोण वाचणार, कोण पुढें बसणार, कोण ओसरीखालीं उभा राहणार, हें जुन्या पुराणाबरोबर ठरलेलें होतें, आणि नवें पुराण त्याच ओसरीवर आलें. आमच्या कुळांतही पुराण सांगण्याची वृत्ति होती. म्हणून हें आम्ही दुसऱ्याला दूषण देण्यासाठीं लिहीत नाहीं. जें आमच्या पोथ्यांचें झालें तेंच त्यांच्या पोथीचें झालें, एवढेंच म्हणणें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मार्सडेन-संग्रहांतील देवनागरी प्रतींत जेथें संस्कृत शब्द आहेत तेथें रोमन परंपरेंत अनेक ठिकाणीं पोर्तुगीज व लॅटिन धर्मसंज्ञा आहेत. मूळ कोणतें याविषयीं मतभेद आहे, व तो येथें आम्ही सोडवूं पाहत नाहीं. परंतु सृष्टिकथेच्या अवस्वरांपुरते दोन्ही पाठ समोरासमोर ठेवून वाचले तर एक गोष्ट कळेल: कोणता पाठ घरांत वाचावयाचा होता व कोणता चर्चांत. देवनागरी वाचणाऱ्याला जो शब्द आपला वाटे तोच शब्द पाद्र्याला धोक्याचा वाटत असे, आणि या ओढाताणीच्या खुणा पाठभेदांतच सांपडतील.

याहून सोपी एक परीक्षा आहे, तिला कोशाची गरज नाहीं. गोमंतकांत किंवा मंगळूरकडे ज्यांच्या घरीं या पुराणाची जुनी प्रत असेल त्यांनीं ती दिव्याशीं धरून पाहावी. कोणत्या पानांच्या कडा बोटांनीं काळवंडल्या आहेत, कोठें मेणाचे थेंब पडले आहेत, कोठें झिजलेल्या कोपऱ्याला दुसऱ्या कागदाचा जोड दिला आहे, हें लिहून पाठवावें. ख्रिस्ताच्या जन्माचीं व मरणाचीं पानें झिजलेलीं असणार, हें उघड आहे. तीं सणासुदीला वाचलीं जात. सृष्टीचीं, आदामाचीं, पहिल्या सहा दिवसांचीं पानें तशींच झिजलेलीं आढळलीं तर कथा नित्यक्रमांत उतरली होती, असें म्हणण्यास आधार मिळेल. कोरीं आढळलीं, तर वर लिहिलेली आमची तक्रार अधिक बळकट होईल. दोहोंपैकीं कोणताही पुरावा आला तरी तो या पत्रांत छापण्यायोग्य ठरेल. आणि ज्या मुलाला आम्ही वर्गांत उत्तर देऊं शकलों नाहीं, त्याचें ऋण कांहीं अंशीं तरी फिटेल.